हात बसायच्या आधीच निकाल

या वेळची बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. टाके, नळ्या, दुर्बिणी, सुया हे सगळं शिकताना बाईचा हात आणि पुरुषाचा हात यांत फरक असतो का, आणि असलाच तर त्याचं करायचं काय? बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. मी स्वतः जनरल सर्जन, आता निवृत्त. नोकरीची शेवटची वर्षं स्किल्स लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना गाठी मारायला शिकवण्यात गेली. माझ्या ग्लोव्हचा नंबर सहा, म्हणजे पंजा लहान. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाची बाजू घेतल्यासारखं वाटलं तर त्याचा हिशोब वाचकांना लागेल.

प्रश्न : मॅडम, मी जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे लॅपरोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेच्या सरावाचा, ट्रेनर बॉक्स आहे. पेग ट्रान्सफर (लहान वस्तू उपकरणाने उचलून, हात बदलून पलीकडे ठेवायचा सराव) करायला मला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात बॅचमधली मुलं पहिल्याच आठवड्यात करायला लागली. शिकवणारे सर म्हणाले, "मुलींना डेप्थ कळत नाही, मेंदूच तसा असतो." रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले. मी शोधून वाचलं, तर मेंटल रोटेशनमध्ये पुरुष पुढे असतात हे खरंच सापडलं. ब्रँच बदलू का? खोटी समजूत घालू नका.

— पहिल्या वर्षाची रेसिडेंट

उत्तर : खोटी समजूत घालायची मला सवय नाही, माझे विद्यार्थी सांगतील. म्हणून सरांच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मांडते.

१९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. एक आकृती मनातल्या मनात फिरवायची आणि ती दुसरीशी जुळते की आरशातल्यासारखी उलटी आहे ते सांगायचं. मेंटल रोटेशन म्हणतात ते हे. अशा चाचण्यांत पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा वर येते, आणि हे इतक्या वेळा दिसलं आहे की त्यावर भांडण्यात अर्थ नाही. लॅपरोस्कोपीच्या सिम्युलेटरवर अगदी नवख्या विद्यार्थ्यांना उभं केल्यावर सुरुवातीला मुली मागे पडल्या, असंही काही अभ्यासांत आलं आहे. काहींत मात्र आलेलं नाही. मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये नेमका तुझा पेग ट्रान्सफर घेऊन प्रत्येकाच्या शिकण्याचा आलेख काढला. त्यांना मुलगा-मुलगी असा फरक सापडला नाही.

सरांचं खरं ते एवढंच.

आता बॉक्स तुझ्याकडून काय मागतो ते बघ. उपकरण पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून आत जातं आणि ते छिद्र टेकू होतं. नावेच्या वल्ह्यासारखं, हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, हात खाली दाबला की टोक वर येतं. उपकरण जितकं आत, तितकी तेवढ्याच हालचालीत टोकाची उडी मोठी. शिवाय डोळे हातांकडे नसतात, पडद्याकडे असतात. इतकी वर्षं डोळा आणि हात यांची जी जोडी जमलेली असते ती इथे मोडावी लागते. ती सगळ्यांचीच मोडते. पहिल्या दिवशी प्रत्येक जण आंधळ्यासारखा चाचपडतो, काही जण ते लपवण्यात हुशार असतात इतकंच.

सर जिला डेप्थ म्हणतात ती त्या पडद्यावर कुणालाच दिसत नाही. पडदा सपाट आणि कॅमेऱ्याला डोळा एकच. मग जुना सर्जन खोली ओळखतो कशावरून? सावली कुठे पडली, ग्रास्परचं, म्हणजे पकडायच्या चिमट्याचं, टोक मोठं दिसतंय की लहान, कुठली वस्तू कुणामागे झाकली गेली, यांवरून. आणि सरळ जाऊन हलकेच टेकवून बघतो. ही शिकलेली चिन्हं आहेत. सरांनीही ती शिकूनच घेतली असणार, फक्त शिकलो हे विसरलेत.

मेंटल रोटेशनचं पुढे काय होतं, तेही वाचायला हवं होतंस. टोरांटोत काही संशोधकांनी सर्जरीच्या रेसिडेंटांना त्वचेची झेड-प्लास्टी (झेडच्या आकारात छेद देऊन कातडीचे तुकडे फिरवून शिवणं) करायला लावली आणि अवकाशीय क्षमतेच्या, म्हणजे आकार आणि जागा मनात जोखण्याच्या, चाचण्याही घेतल्या. तो अभ्यास २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांचे गुण जास्त त्यांचं काम सुरुवातीला सरस होतं. सराव दिला, चुका दाखवल्या, आणि कमी गुणवाले त्यांच्या बरोबरीला आले. २०१३ मध्ये डेव्हिड अटल आणि सहकाऱ्यांनी अशा प्रशिक्षणाचे २१७ अभ्यास एकत्र तपासले. सरावाने ही क्षमता वाढते, टिकते आणि बाईमाणूस-पुरुषमाणूस दोघांचीही वाढते, असं त्यांना दिसलं. म्हणजे ज्याला 'मेंदूच तसा' म्हटलं जातं, ते बऱ्याच अंशी 'सराव अजून तसा' असतं.

आता बॅचमधल्या त्या मुलांना विचार, शाळेत असल्यापासून हातात गेमचा कंट्रोलर कुणाकुणाच्या होता? २००७ मध्ये जेम्स रॉसर आणि सहकाऱ्यांनी ३३ सर्जनांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी कधीकाळी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या चुका ३७ टक्क्यांनी कमी आणि वेग २७ टक्क्यांनी जास्त निघाला. अभ्यास लहान आहे, आणि गेममुळे हात आला की चांगल्या हाताची माणसंच गेमकडे वळली, हे त्यातून ठरत नाही. पण त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठात विद्यार्थ्यांना दहा तास ॲक्शन गेम खेळायला लावला, तेव्हा अवकाशीय अवधानातला (नजरेसमोर कुठे काय आहे ते टिपण्यातला) स्त्री-पुरुष फरक जवळजवळ पुसला गेला आणि मेंटल रोटेशनमधला आकसला. दहा तास! मेंदूची घडण म्हणून जे सांगितलं जातं ते दहा तासांत हलत असेल, तर त्यावर ब्रँच ठरवणं धाडसाचं आहे.

आता काम सांगते. आधी बॉक्सची उंची बघ. हँडल हातात धरल्यावर कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडं राहिलं पाहिजे आणि खांदे खाली पडलेले हवेत. बॉक्स सगळ्यांत उंच मुलाच्या मापाने लावलेला असेल तर तू खांदे उचलून काम करत असणार आणि दहा मिनिटांत हात भरून येत असणार. पायाखाली स्टूल घे. लाज बाळगू नकोस, मी सगळं आयुष्य ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्टुलावर उभी राहिले. पडदा समोर घे, नजरेच्या किंचित खाली. मग महिनाभर घड्याळ बंद. पेग ट्रान्सफरमध्ये सहा वस्तू कमी सवयीच्या हाताने उचलून, हवेतच दुसऱ्या हातात देऊन, पलीकडे ठेवायच्या असतात आणि मग सगळं उलट करायचं असतं. वेळ जातो तो नेहमी हवेतल्या देवघेवीत आणि दुबळ्या हातात. तेवढाच तुकडा वेगळा काढून कर. फोनवर पडद्याचं चित्रण कर आणि रात्री बघ. टोक कुठे उगाच भटकतं ते तुझं तुलाच दिसेल. सफाईदार हात म्हणजे कमी हालचालींचा हात. वेग त्यामागून आपोआप येतो, आधी ओढून आणला तर चुका घेऊन येतो.

राहिलं सरांचं वाक्य. अशी वाक्यं ऐकून माणसाची कामगिरी किती घसरते यावर मानसशास्त्रात बरंच लिहिलं गेलं आणि पुढे त्या आकड्यांवर वादही झाले. मी त्या वादात पडत नाही. नवख्याचं लक्ष मुळातच अपुरं असतं, हे मात्र मला ठाऊक आहे. टोक कुठे, वस्तू कुठे, दुसरा हात काय करतोय, याचाच हिशोब जमत नसतो. त्यात 'मला डेप्थ कळत नाही' हा चौथा हिशोब कशाला? पुढच्या वेळी सरांना सांग, "सर, खोली ओळखायच्या खुणा दाखवा ना." दाखवतील. मायेने बोललेत म्हणतेस, तर मायेने दाखवतीलही.

ब्रँच बदलायचीच असेल तर जागरणं, जबाबदारी, घर अशी खरी कारणं पुष्कळ आहेत. पहिल्या आठवड्यातला पेग ट्रान्सफर हे कारण नव्हे.

प्रश्न : मी एका शिक्षण रुग्णालयात कौशल्य प्रशिक्षण चालवतो. मुलींना सुरुवातीला वेळ जास्त लागतो हा माझाही अनुभव आहे. त्यांची वेगळी बॅच करून जास्त तास द्यावेत असा विचार आहे. हेतू चांगला आहे. आपलं मत?

— सहयोगी प्राध्यापक, शल्यचिकित्सा

उत्तर : हेतूबद्दल शंका नाही, पण बॅच वेगळी करू नका. 'मुली' असा गट केलात की त्यात माझ्यासारख्या धांदरट येतील आणि पहिल्याच दिवशी टाके घालणाऱ्याही येतील. दुसऱ्या खोलीत एखादा मुलगा मुकाट्याने कुथत राहील, कारण मुलग्यांना मदत लागते हे तुमच्या वेळापत्रकात बसत नाही. सरासरीतला फरक खरा असला तरी दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात की लिंगावरून एकेकाचा अंदाज बांधला, तर तो सारखा चुकतो.

तास ठरवून देण्याऐवजी पातळी ठरवून द्या. एफएलएस या लॅपरोस्कोपी परीक्षेसाठीच्या सराव आराखड्यात पेग ट्रान्सफरचा निकष ४८ सेकंदांचा आहे आणि आत गाठ मारून टाका घालण्याचा ११२ सेकंदांचा. तिथे पोचेपर्यंत सराव. कुणी चार दिवसांत पोचेल, कुणी चार आठवड्यांत. निकषाला स्त्री-पुरुष असा रकाना नाही आणि लागतही नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांची एक चाचणी घ्या आणि मागे असेल त्याला, जो असेल त्याला, शेजारी बसून दाखवा. नवख्या मुलींना एकास एक शिकवण्याचा विशेष फायदा होतो असं काही परीक्षणांत आलं आहे. माझा अनुभव असा की तो कुणालाही होतो, पण मुलं मागायला येत नाहीत.

सरावाची मांडणीही बघा. २००६ मध्ये टोरांटोत ३८ रेसिडेंटांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. अर्ध्यांना चारही सत्रं एका दिवसात, अर्ध्यांना आठवड्याला एक. महिन्याने परीक्षा घेतली, तर विभागून शिकलेले सरस ठरले. आपल्याकडे मात्र कार्यशाळा एका दिवसाची, जेवणासकट आणि प्रमाणपत्रासकट. तिथे जो आधीच थोडा पुढे असतो तोच चमकतो, आणि मग आपण म्हणतो, बघा, मुलं पुढे. तुमच्या अनुभवात एका दिवसाच्या कार्यशाळांचा वाटा किती आहे, ते एकदा तपासा.

आता जरा टोचेल असं बोलते. लॅबमधला फरक सरावाने भरून निघतो, पण ओटीत सरावच मिळाला नाही तर काय भरून निघणार? रेसिडेंटला किती मोकळीक दिली हे मोजायला झ्विश नावाची चार पायऱ्यांची मोजपट्टी आहे. मी करतो तू बघ, मी हात धरून करवून घेतो, तू कर मी साथ देतो, आणि तू कर मी नुसता बघतो. अमेरिकेतल्या थोरॅसिक (छातीच्या) सर्जरीच्या रेसिडेंटांवरचा २०१७ मधला अभ्यास सांगतो की स्त्री रेसिडेंटांना पुरुषांपेक्षा कमी मोकळीक मिळाली. मुद्दाम कुणी करत नाही. 'तू कॅमेरा छान धरतेस' असं कौतुक करतात, आणि मग ती तीन वर्षं कॅमेराच धरते. तुमच्या विभागाच्या केसच्या वहीत गेल्या वर्षभरात कॅमेरा कुणी धरला आणि क्लिप लावण्याचं खरं काम कुणी केलं, एवढं नजरेखालून घाला. वेगळ्या बॅचची गरज त्यानंतरही वाटली तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मी इंटर्न आहे, पुरुष. उंची सहा फूट, ग्लोव्ह साडेआठ. टाके घालताना हात थरथरतो. वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, "नाजूक काम बायकांचं, तुम्ही ऑर्थोला जा." मला प्लास्टिक सर्जरी करायची आहे. जमेल का?

— थरथरता इंटर्न

उत्तर : जुन्या शल्यविद्येत एक म्हण होती. सर्जनला गरुडाचा डोळा, सिंहाचं काळीज आणि बाईचा हात हवा. गंमत अशी की ही म्हण उगाळणाऱ्या पुरुषांनी बाईला मात्र शतकानुशतकं ओटीच्या दाराबाहेर ठेवलं. हात तिचा हवा, ती नको.

तर बाईचा हात. पर्ड्यू पेगबोर्ड नावाची चाचणी १९४० च्या दशकापासून वापरात आहे. बारीक खिळे उचलून फळीवरच्या भोकांत बसवायचे. त्यात बायका सरस येतात आणि कित्येक वर्षं यावरून बायकांच्या बोटांची कुशलता सिद्ध झाली असं मानत होते. १९९० मध्ये मायकेल पीटर्स आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. बोटांची जाडी मोजली. तिचा हिशोब धरल्यावर स्त्री-पुरुष फरक नाहीसा झाला. जाड बोटांत बारीक खिळा नीट येत नाही, इतकंच ते. पुढच्या एका प्रयोगात खिळे चिमट्याने उचलायला दिले, तर बायकांची आघाडी राहिली नाही.

तुला हवं ते यातच आहे. प्लास्टिक सर्जन बोटांनी सुई धरत नाही, नीडल होल्डर आणि फोर्सेप्सने धरतो. चिमटा हातात आला की बोटाची जाडी गौण होते. बोटांनी मारायच्या गाठी खोल, अरुंद जागेत तुला अवघड जातील, तिथे उपकरणाने गाठ मारायला शीक.

थरथरीचं म्हणशील तर ती प्रत्येकाला असते, सेकंदाला आठ-बारा वेळा, डोळ्याला न दिसणारी. भीती, जागरण आणि आवळून धरलेलं उपकरण तिला मोठं करतात. तू नक्की नीडल होल्डर आवळून धरत असशील, मोठ्या हाताची मुलं धरतातच. पकड सैल कर. करंगळीची कड टेबलावर किंवा रुग्णावर घातलेल्या कापडावर (ड्रेपवर) टेकव, मनगटाला आधार दे, हवेत तरंगणाऱ्या हाताने कुणीच बारीक टाका घालत नाही. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यांत स्थिर हातांच्या माणसाचे पंजे तुझ्याहून मोठे होते. सिस्टरना नमस्कार सांग, आणि ऑर्थोवाले हे ऐकून रागावतील हेही सांग.

प्रश्न : मी ॲनस्थेशियाची रेसिडेंट, बांधा किरकोळ. लॅरिंगोस्कोपी करताना (श्वासनळीत नळी घालायला घशात बघताना) जबडा उचलला जात नाही, सीपीआरमध्ये छाती दाबताना दोन मिनिटांत दमते. सर्जरीतली मैत्रीण म्हणते स्टेपलर (टाक्यांऐवजी पिना मारायचं उपकरण) दाबायला तिला दोन्ही हात लागतात. इथे तर ताकदीचाच प्रश्न आहे ना?

— ॲनस्थेशिया, दुसरं वर्ष

उत्तर : हो, इथे ताकदीचा प्रश्न आहे. पकडीच्या ताकदीत बायकांची सरासरी पुरुषांच्या साधारण साठ टक्क्यांच्या आसपास येते, आणि हा फरक दहा तासांच्या गेमने जात नाही. पण ताकद कुठून आणायची हे तंत्र आहे, आणि उपकरण कुणाच्या हातासाठी बनवलं हा बनवणाऱ्याचा प्रश्न आहे.

लॅरिंगोस्कोपचं मॅकिंटॉश ब्लेड १९४३ पासून आहे आणि तेव्हापासून नवखे एकच गोष्ट करतात, मनगट मागे मोडतात. त्याने जबडा उचलला जात नाही, दात मात्र पडतात. हँडल खाली, ब्लेडजवळ धर. मनगट ताठ ठेव, कोपर अंगाजवळ घे आणि हँडल ज्या दिशेला आहे त्याच दिशेने, पुढे आणि वर, खांद्याने उचल. टेबल इतकं वर घे की रुग्णाचा चेहरा तुझ्या छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी येईल. डोक्याखाली उशी नीट लागली तर निम्मं काम उशीच करते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपला जोर कमी लागतो, तो असेल तर वापर आणि त्यात कमीपणा मानू नकोस.

सीपीआरमध्ये दाब ५ ते ६ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १०० ते १२० लागतो. हलक्या माणसाचा दाब उथळ पडतो, मग तो पुरुष असो की बाई, कारण दाबतं ते शरीराचं वजन. खाटेच्या बाजूला स्टूल, खांदे थेट हातांच्या वर, कोपरं सरळ, आणि कमरेतून झुकणं. दंडाने दाबशील तर दमशील. आणि दोन मिनिटांनी माणूस बदलायचा हा नियमच आहे. सगळेच दमतात म्हणून तो केलेला आहे, तुझ्यासाठी सवलत म्हणून नाही.

मैत्रिणीला सांग, ती एकटी नाही. २००४ मध्ये ७२६ लॅपरोस्कोपिक सर्जनांची पाहणी प्रसिद्ध झाली. ग्लोव्हचा नंबर साडेसहा किंवा त्याहून कमी असलेल्यांना उपकरणं वापरताना जास्त त्रास होतो, त्यात स्टेपलरचा सगळ्यांत जास्त, असं त्यात दिसलं. हँडलचा आवाका मोठ्या पंजासाठी ठरलेला आणि दाब मोठ्या मुठीसाठी. मोठं आतडं बघायच्या दुर्बिणीच्या, कोलोनोस्कोपच्या, चाकांचंही तेच, लहान अंगठा दुसऱ्या चाकापर्यंत पोचत नाही. मीही स्टेपलर दोन्ही हातांनी दाबला आहे आणि तेवढा वेळ कॅमेरावाल्याला दुसरं उपकरण धरायला लावलं आहे. आता बॅटरीवर चालणारे स्टेपलर आले आहेत. खरेदीच्या समितीत बसायची वेळ आली तर उपकरण आधी विभागातल्या सगळ्यांत लहान हाताने चालवून बघायचं, असा आग्रह धरा. त्या समितीचं पत्र आलं की आपण रजेवर असतो, म्हणून लिहिते.

प्रश्न : माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. सर्जन बाई आहेत. मला त्या आवडल्या, पण भाऊ म्हणतो, "कापाकापीला पुरुषच बरा." काही पुरावा आहे का?

— एक वाचक, वय ५८

उत्तर : आहे, आणि तुमच्या भावाला तो आवडणार नाही. स्वीडनमध्ये नेमक्या पित्ताशयाच्याच १,५०,५०९ शस्त्रक्रियांचा तपास झाला, २००६ ते २०१९ या काळातल्या. स्त्री सर्जनांना वेळ जास्त लागला आणि गुंतागुंत कमी झाली. (पहिल्या पत्रातल्या मुलीने हे वाक्य कापून ठेवावं.) कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ३,३१४ सर्जन आणि १,०४,६३० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा भरती किंवा गुंतागुंत यांपैकी काहीतरी झालेल्यांचं प्रमाण स्त्री सर्जनांकडे ११.१ टक्के, पुरुषांकडे ११.६ टक्के. जपानमधल्या पोटाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियांमध्ये, २०२२ च्या अभ्यासात, फरक दिसला नाही, स्त्री सर्जनांच्या वाट्याला जोखमीचे रुग्ण जास्त येऊनही.

म्हणून आता पुरुष सर्जन टाळायचे का? नाही. अर्धा टक्का म्हणजे हाताचा फरक नव्हे. रुग्णाशी किती बोललं, कधी थांबलं, कुणाला विचारलं, हे सगळं त्यात येतं, आणि असे अभ्यास जुन्या नोंदींवरून होतात, कारण सांगू शकत नाहीत. तुमच्या सर्जनबाईंना विचारा की ही शस्त्रक्रिया त्या किती नियमित करतात, त्यांच्या हातून दुर्बीण सोडून पोट उघडावं लागण्याची वेळ किती वेळा येते, आणि रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलतं. उत्तरं पटली तर तारीख पक्की करा. भावाला सोबत न्या, बाहेर बसायला कुणीतरी लागतंच.

प्रश्न : मुलगी एमबीबीएसला आहे, सर्जन व्हायचं म्हणते. तिला व्हिडिओ गेम घेऊन द्यावा का?

— एक आई

उत्तर : द्या, पण मुलग्यांना देतात त्याच वयात दिला असतात तर बरं झालं असतं. सोबत एक नीडल होल्डर, एक फोर्सेप्स, थोडा जाड धागा आणि टाके घालायला फोमचा तुकडाही द्या. सुश्रुतसंहितेत शिष्यांना जिवंत माणसाला हात लावण्याआधी कापायला भोपळा-काकडी, शिवायला जाड कापड आणि मऊ कातडं वापरायला सांगितलं आहे. तेव्हा घरात सराव करायला परवानगी मागायची गरज नाही. रोज वीस मिनिटं पुरेत. अभ्यास बुडतोय असं वाटलं तर गेम काढून घ्या, सुईदोरा राहू द्या.